सालेकशाचे पाहुणे आणि एकशे सोळा गाड्या

अंजनाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल देऊन टाकला. पाहुणे यायच्या आधी समोरच्या खोलीतल्या सगळ्या चिमुकल्या गाड्या दिसेनाशा झाल्या पाहिजेत. काचेच्या कपाटात चिनीमातीचे कप मांडायचे, वरच्या फळीवर धाकट्या मुलाचं, संघदीपचं, आय.टी.आय.चं प्रमाणपत्र उभं करायचं, आणि गाड्या भरून शेजारच्या केशोरावांच्या कोठीत नेऊन ठेवायच्या. केशोरावांशी त्यांचं आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, कोठीतला कोपरा झाडूनसुद्धा ठेवला होता.

दोन हजार नऊचा जानेवारी चालला होता. संघदीपला चौतिसावं लागलं होतं आणि मागच्या अडीच वर्षांत दोन स्थळं मोडली होती. पहिलं कुणाच्या चुकीनं मोडलं, यावर बनसोडांच्या घरात अजून एकमत नव्हतं. तिरोड्याचं दुसरं मात्र कशामुळे मोडलं ते सगळ्यांना पाठ होतं. मुलीच्या मामानं कपाटातली एक गाडी काढली, टेबलावर घर्रर्र करत फिरवली आणि नवरदेवाचे दुधाचे दात पडले का, असं विचारलं. सगळे हसले होते. संघदीपही हसला होता. चार दिवसांनी नकार आला.

आज सालेकशाहून पाहुणे आमगावला यायचे होते. मुलगी रंजिता, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. वडील नव्हते. आई सुशिलाबाई आणि काका खेमराज तिला घेऊन येणार होते. हे काका वनखात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्यासमोर भल्याभल्यांची जीभ अडते अशी ख्याती होती. ते साडेअकराच्या पॅसेंजर गाडीनं येतील, असा निरोप होता.

"मी काही त्या फेकाले नाही सांगून राहिली," अंजनाबाई म्हणाल्या. "लगन झाल्यावर आण वापस. बायको घरात आली का मंग कोण विचारते?"

संघदीपनं बाबांकडे पाहिलं. ताराचंद ओसरीवर पेपर वाचत होते. रेल्वेत छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस घरातल्या वादात कधी पडत नसे. त्यांनी पेपराचं पान उलटलं, एवढंच. संघदीप उठला आणि आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या रिकाम्या खोक्यांचं पोतं त्यानं कपाटाजवळ ओढलं.

एकशे सोळा गाड्या होत्या. त्यांतली एकही चार-पाच बोटांपेक्षा लांब नव्हती. मूळ गाडीचे त्रेचाळीस भाग केले तर एका भागाएवढी लांबी, असं त्यांचं माप. सगळ्या जुन्या शर्यतीच्या गाड्या, आणि त्याही एकाच जातीच्या शर्यतींच्या, ज्या सहा तास, बारा तास, चोवीस तास चालतात. संघदीपला याचा नाद लागला तो एकोणीसशे नव्याण्णव साली, गोंदियाच्या रविवारच्या जुन्या बाजारात. दुरुस्तीची अवजारं घ्यायला गेलेला तो, एका पथारीवर त्याला फिकट निळ्या रंगाची, मधोमध नारिंगी पट्टा असलेली, सहा नंबरची एक गाडी दिसली. तिला चाकं तीनच होती. पण दरवाजाची रेघ, काचेची चौकट, पुढच्या दिव्यामागचा एवढासा बल्ब, सगळं इतकं नीट केलेलं होतं की त्याच्यातला कारागीर तिथंच उकिडवा बसला. हे कुणीतरी लहान मुलासाठी केलेलं नाही, हे त्याला हातात घेताक्षणी कळलं. चौथं चाक त्यानं स्वतः केलं. ती गाडी कोणती, हे कळायला मात्र चार वर्षं लागली. गोंदियाच्या एका सायबर कॅफेत बसून त्यानं पोटावरचं नाव टाइप केलं आणि पडद्यावर फ्रान्समधली ल मान्सची शर्यत उघडली. एकोणसत्तर साली हीच गाडी, हाच सहा नंबर, दिवस आणि रात्र पळून जिंकली होती.

तिथून त्याला जगभरचे असे वेडे भेटले. त्यांच्याकडे गाड्या होत्या, पण मोडक्या दुरुस्त करणारे हात नव्हते. संघदीपकडे हातच होते. पुण्याहून, कोइंबतूरहून, एकदा तर थेट बेल्जियमहून तुटके आरसे, उडालेले रंग, हरवलेली चाकं घेऊन पाकिटं आमगावच्या पोस्टात येऊ लागली. पाच दुरुस्त केल्या की सहावी त्याची, असा हिशेब आपोआप ठरला. पोस्टमननं सुरुवातीला ही काय भानगड म्हणून चौकशी केली होती. नंतर तोच पाकीट कानाशी हलवून चाक सुटलंय की काच, ते सांगू लागला.

"ही माझ्या हातात दे," राजदीप म्हणाला.

दादा कधी येऊन बसला ते संघदीपला कळलं नव्हतं. त्यानं उजव्या हातानं कापसाचा बोळा उचलला, खोक्याच्या तळाशी पसरला आणि गाडी त्यावर हलकेच निजवली. अंगठा आणि तर्जनी तेवढी जरा हळू चालत होती. बाकी, या हाताला साडेचार वर्षांपूर्वी लकवा झाला होता, असं सांगितलं तर नवख्याला खरं वाटलं नसतं.

दोघे भाऊ अर्धा तास गाड्या भरत राहिले. साठेक खोकी झाली. राजदीपनं एकदाच विचारलं, की तुला हे पटतं का. संघदीप म्हणाला की आईचंही चुकत नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. आई दर नकारानंतर आठवडाभर विहारात जायची टाळते, हे त्यानं पाहिलं होतं. आपल्यापायी तिनं बायकांत मान खाली घालावी एवढी काही या एवढ्याशा गाड्यांची किंमत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. तरी प्रत्येक खोक्याचं झाकण लावताना त्याला चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात अल्कावहिनी स्वयंपाकघरातून पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. चण्याची तर्री चुलीवर होती, तिचा वास घरभर पसरला होता. त्यांनी रिकाम्या फळ्या पाहिल्या, खोकी पाहिली, आणि पातेलं तिथंच जमिनीवर ठेवलं.

"हे कोणं सांगतलं?"

अंजनाबाईंनी आपण सांगितल्याचं सांगितलं, आणि त्यात इतकं काय, असंही विचारलं. मग सासूसुनेची जुंपली. अंजनाबाईंचं म्हणणं सरळ होतं. पोरगी सरकारी नोकरीतली आहे, काका कडक आहे, दुसऱ्यांदा हसं करून घ्यायचं नाही. अल्कावहिनींचं म्हणणं एवढंच होतं की खोकी परत उघडा. अंजनाबाईंना सुनेचा राग आला तसा अचंबाही वाटला. कारण या घरात गाड्यांवर सगळ्यांत जास्त तोंड कुणी सोडलं असेल, तर ते याच सुनेनं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

"तूच म्हणत होतीस ना, का या घरात एक खटारा खाटेवर हाये अन् शंभर कपाटात? मंग आता तुले कायचा पुळका आला?"

संघदीपला वाटलं, आता वहिनी रडतील किंवा आत निघून जातील. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी पदरानं हात पुसले आणि राजदीपकडे पाहिलं.

"होय, मीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हूनच मी बोलून राहिली. दुसऱ्या कोणाले बोलाचा हक्क नाही तेवढा मले हाये."

दोन हजार चारच्या पावसाळ्यात राजदीप देवरीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होता. एका सकाळी किल्ली फिरवायला हात पुढे करू गेला, तो हात पुढे आलाच नाही. गोंदियाच्या दवाखान्यात सतरा दिवस काढून तो घरी आला, तेव्हा उजवा हात ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो डाव्या हातानं विहिरीत भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. महिनाभर तो तसाच होता.

मग संघदीपनं एक टेबल खाटेला लावलं. एका गाडीचा रंग उडालेला सांगाडा त्यावर बसवला आणि सँडपेपरचा तुकडा दादाच्या उजव्या हातात बांधला. नुसतं घास, म्हणाला. पहिल्या दिवशी चार वेळा हात हलला. संध्याकाळी दुकान बंद करून आला की संघदीप रोज त्याचा हात धरून बसायचा. सहा महिन्यांनी दादा डबीचं झाकण उघडू लागला, वर्षानं ब्रश धरू लागला, आणि दोन वर्षांनी त्यानं चिमट्यानं उचलून दाण्याएवढा नंबर दारावर बरोबर मधोमध चिकटवला. आता तो दुकानात बसून मोबाइलचे स्क्रू काढत असे.

"ते दोन वर्सं मी या दोघाईशी रोज भांडली," अल्कावहिनी सांगत होत्या. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण त्या कधीच न सांगितलेलं सांगितल्यासारखं सांगत होत्या. "नवऱ्याचा हात गेला, अन् दीर खाटेले टेबल लावून त्याले खेळणं देऊन राहिला, असं मले वाटे. एक दिवस मी ते हिरवी गाडी घेतली अन् आंगणात आपटली. तुकडे तुकडे झाले. भाऊजी एक शब्द बोलले नाही. तुकडे येचले, आत ठेवले, अन् दुसऱ्या दिवशी यायच्या हातात दुसरी गाडी दिली. मी तेव्हाच माफी मागाले पाहिजे होती. चार वर्सं झाले, तोंडातून निघाली नाही." त्या थांबल्या. मग संघदीपकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, माझं चुकलं. मी आज कोणाच्या दयेवर नाही, यायच्या हाताच्या कमाईवर खाऊन राहिली, ते तुमच्या गाड्याइनं. त्या गाड्या चोराच्या मालासारख्या लपवल्या, तर मले आज पावण्याईसमोर उभं नाही राहता येणार."

राजदीप मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरून बसला होता. हिरव्या गाडीचा संघदीपला कधीच राग आला नव्हता. पण वहिनींना ती चार वर्षं टोचत असेल, हेही त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या रोज त्याला ताट वाढत होत्या, त्याचे कपडे वाळत घालत होत्या, आणि एवढं ओझं घेऊन.

ओसरीवर पेपराची घडी घातल्याचा आवाज झाला. ताराचंद दारात आले. "खोके उघडा," ते म्हणाले.

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भिंतच बोलली. पण उत्तर द्यायला त्यांना सवड मिळाली नाही. ताराचंद एकटे नव्हते. त्यांच्यामागे, ओसरीच्या पायरीवर, एक उंच म्हातारा, एक थकलेली बाई आणि चष्मा लावलेली, निळ्या साडीतली एक तरुणी उभी होती. तिघांच्याही चपला काढून झालेल्या होत्या.

"जय भीम," म्हातारा म्हणाला. "आधीची पॅसेंजर उशिरा आली, ते आमाले सापडली. आमी मघाचेच आलो. बोलणं चालू होतं, म्हून मधात नाही घुसलो."

अंजनाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं पदर सावरला, जय भीम केला, बसायला सांगितलं आणि चटई कुठं आहे ते विसरल्या. खोलीभर कापूस पसरला होता. पोह्यांचं पातेलं वाटेतच होतं. कपाटाच्या अर्ध्या फळ्या भरलेल्या, अर्ध्या मोकळ्या. घराचं असं उघडंवाघडं रूप पाहुण्यांनी पाहावं, यापेक्षा वाईट काय होणार होतं? संघदीपला मात्र एकाएकी फार हलकं वाटलं. आता लपवायला काहीच उरलं नव्हतं.

खेमराजकाका खुर्चीवर बसले. त्यांनी एक खोकं उचललं, उघडलं, आतली गाडी बाहेर काढून हातावर तोलली. संघदीपला तिरोड्याचा मामा आठवला. काकांनी गाडी फिरवली नाही. उलटी करून खालची अक्षरं पाहिली.

"तीस वर्सं जंगलात नोकरी केली," ते म्हणाले. "दारू लपवणारे पाहिले, सागवान लपवणारे पाहिले. गाड्या लपवणारा आज पाहिला." मग त्यांनी विचारलं, "काय विशेष हाये यात?"

संघदीपनं उत्तराची तयारी केलेली नव्हती. आईनं पढवलेली उत्तरं वेगळी होती, दुकानाबद्दलची, घराबद्दलची. पण हा प्रश्न त्याला कुणी असा, न हसता, कधी विचारलाच नव्हता. त्यानं सांगायला सुरुवात केली. या शर्यतीत वेगाला तितकं महत्त्व नसतं. दुपारी गाडी सुटते ती दुसऱ्या दुपारपर्यंत पळत राहते. पाऊस येतो, धुकं येतं. वेगानं पळवलेल्या कितीतरी गाड्या पहाटेपर्यंत बंद पडतात. एक माणूस एवढा वेळ चालवू शकत नाही, म्हणून एकाच गाडीचे दोन-तीन चालक असतात. एक थकला की उतरतो, दुसरा त्याच्या जागी बसतो. आणि बाहेर मिस्त्री जागे असतात, त्यांचं नाव कुठं येत नाही. त्याला त्या मिस्त्र्यांचं फार वाटतं, असं तो म्हणाला, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून थांबला.

ताराचंद दारातच उभे होते. "मी रेल्वेत तेच होतो," ते एवढंच म्हणाले. पण मुलाच्या छंदाबद्दल दहा वर्षांत त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि संघदीपनं ते जपून ठेवलं.

पोहे झाले, चहा झाला. सुशिलाबाई आणि अंजनाबाई धानाच्या भावावर आणि गुडघेदुखीवर बोलू लागल्या, आणि वातावरण जरा सैल झालं. रंजिता राजदीपकडे पाहत होती. तो सवयीनं गाड्या परत फळीवर लावत होता. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि परवानगी विचारून तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला. मनगट वळवून पाहिलं, बोटं एकेक करून मिटायला लावली, आपलं बोट घट्ट दाबायला सांगितलं. लकवा कधी झाला, बोलण्यावर परिणाम झाला होता का, औषध अजून चालू आहे का, रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे सगळं तिनं दवाखान्यातल्यासारखं विचारलं. रक्तदाब आठ महिन्यांत मोजलेला नाही हे कळल्यावर तिनं राजदीपला, आणि त्याच दमात अल्कावहिनींना झापलं. अल्कावहिनींनी निमूट ऐकून घेतलं. अंजनाबाई सुशिलाबाईंशी बोलता बोलता थांबून हे पाहत राहिल्या. आपल्या सुनेला बाहेरच्या कुणी असं बोललेलं त्यांनी प्रथमच ऐकलं होतं आणि त्यांना ते वाईट वाटलं नव्हतं.

मग काकांनीच सुचवलं, की दोघांनी जरा अंगणात बोलून घ्यावं.

अंगणात पुष्पाबाईंच्या कुंपणापलीकडून दोन डोकी दिसत होती, ती लगेच खाली गेली. रंजितानं नमनाला घडाभर तेल घालवलं नाही.

"तुमच्या गाड्या मले समजत नाही," ती म्हणाली. "पुढं समजतील, असंही सांगत नाही. खोटं कायले बोलू?"

संघदीप म्हणाला की त्याची काही अपेक्षा नाही.

"पण दोन वर्सं रोज एका माणसाचा हात धरून बसणं काय असते, ते मले समजते. माझ्याकडे लोक येतात, पंधरा दिवसांत घरचेच कंटाळतात. मंग पेशंट निजून जाते तो निजूनच राहते." ती थोडं थांबली. "आमचे बाबा तसेच गेले. माझी तेव्हा बदली मुरदोलीकडं होती. घरी कोणी टेबल नाही लावलं."

हे तिनं कोरड्या आवाजात सांगितलं. संघदीपनं काही बोलण्याचा प्रयत्न केला नाही, आणि पुढे कितीतरी वर्षांनी रंजितानं त्याला सांगितलं, की तो गप्प राहिला हेच तिला बरं वाटलं होतं.

मग तिनं आपलं सगळं एकदम सांगून टाकलं. नोकरी सोडणार नाही. आमगावहून सालेकशाला रोज गाडीनं जाईन-येईन. रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावणं आलं तर जावं लागेल. आई एकटी आहे, महिन्यातले आठ दिवस ती इथं येऊन राहील किंवा मी तिथं. याआधी तीन ठिकाणी हे सांगितलं आणि तिन्ही ठिकाणी नंतर कळवतो म्हणाले.

"सोडाची कायले नोकरी?" संघदीप म्हणाला. "आणि आईले आठ दिवसच काऊन? राहू द्या ना पूर्ण महिना."

रंजितानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंसं वाटलं, पण तेवढ्यात आतून काकांनी गाडीची वेळ झाल्याची हाक दिली.

जाताना खेमराजकाकांनी होय-नाही काही सांगितलं नाही. कळवतो, एवढंच म्हणाले. हा शब्द या घरानं दोनदा ऐकलेला होता. पाहुणे स्टेशनच्या रस्त्याला वळले आणि अंजनाबाई मटकन ओसरीवर बसल्या. घरातलं सगळं भांडण पाहुण्यांनी ऐकलं, आता कुणाला तोंड दाखवायचं, असं त्या म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. अल्कावहिनी त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. संघदीप दुकानात जात होता, येत होता. नकार आला तर आपल्याला काय वाटेल, याचा त्यानं विचार करून पाहिला. वाईट वाटेल, यात शंका नव्हती. तिरोड्याच्या वेळेपेक्षा जास्तच वाटेल, कारण ही मुलगी त्याला आवडली होती. पण या वेळी लाज वाटणार नव्हती. वहिनींनी ती आधीच काढून घेतली होती. आयुष्यात आपल्याला किती गोष्टी न मागता मिळाल्या, हे त्याला त्या दोन दिवसांत फार वेळा आठवलं. दादा दुकानात शेजारी बसलेला असायचा, स्क्रू काढत, मधूनच गुणगुणत. केवळ त्याच्याकडे पाहूनही संघदीपचं मन भरून येई.

बुधवारी दुपारी फोन आला तो संघदीपला नव्हे, ताराचंदांनाही नव्हे. रंजितानं अल्कावहिनींचा नंबर मागून घेतला होता. तिनं आधी राजदीपचा रक्तदाब मोजला का, ते विचारलं. मोजला आणि किती निघाला, ते अल्कावहिनींनी सांगितलं. मग ती म्हणाली, की काकांचा होकार आहे आणि माझाही आहे. ज्या घरात मोठी सून सगळ्यांसमोर माझं चुकलं म्हणू शकते, तिथं माझ्या आईला जड नाही जाणार, असं काका म्हणाले. लग्न साधं, विहारात, उन्हाळ्याच्या आत.

संघदीप संध्याकाळी घरी आला तेव्हा ही बातमी केशोरावांच्या घरापर्यंत जाऊन परत आली होती. अंजनाबाई गूळ वाटत सुटल्या होत्या. ताराचंदांनी मुलाच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि काढला. राजदीप नुसता हसत होता.

अल्कावहिनी चुलीपाशी होत्या. संघदीप दारात उभा राहिला. त्याला बरंच काही म्हणायचं होतं, रस्ताभर त्यानं ते जुळवलं होतं.

"वहिनी, तुमचे उपकार..." तो म्हणाला.

"घरातल्या माणसाचे उपकार नसतात," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "हात धुवा अन् बसा."

तो बसला नाही. त्यानं पाट ओढला, ताट घेतलं आणि ते वहिनींच्या पुढ्यात मांडलं. या घरात बायका मागून जेवत, चुलीजवळ, जे उरेल ते. आजीच्या काळापासून तसंच चालत आलेलं. अल्कावहिनींना काही कळेना. त्यांनी सासूकडे पाहिलं. संघदीपनं त्यांच्या हातातली पळी काढून घेतली, चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात ताटात वाढला, त्यावर लाखोरी डाळीचं वरण घातलं.

"बसा वहिनी," तो म्हणाला. "आज तुमी आधी."

अल्कावहिनी अवघडून पाटावर टेकल्या. पहिला घास त्यांनी उचलला खरा, पण तो तोंडापर्यंत जायला वेळ लागला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी धुराच्या नावावर खपवलं. राजदीप आपला पाट घेऊन बायकोच्या शेजारी येऊन बसला.

अंजनाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. या घरात असं आजवर घडलेलं नव्हतं आणि घडावं का, यावर त्यांचं स्पष्ट मत होतं. त्या ते बोलतील म्हणून सगळे वाट पाहत राहिले. त्यांनी जरा वेळ पाहिलं, हातातली गुळाची वाटी फडताळात ठेवली, खुंटीवरचा पाट काढला आणि सुनेच्या दुसऱ्या बाजूला मांडून त्यावर मांडी घातली.

"मलेही वाढ," त्या म्हणाल्या. "भात जरा जास्त घाल. सकाळपासून काही खाल्लं नाही."